राजांच्या विरोधातला राष्ट्रवाद शेवटी राजांच्याच बाजूला कसा गेला?

प्रश्न असा आहे की 1815 नंतर युरोपात राष्ट्रवाद म्हणजे विद्यार्थी, वकील, पत्रकार, बॅरिकेडवर उभी राहणारी माणसं, सगळे राजेशाहीच्या विरोधातले. आणि 1890 पर्यंत येतो तर तोच राष्ट्रवाद राजा, सैन्य, जमीनदार आणि वसाहती यांच्या बाजूने घोषणा देतोय. मधे नेमकं काय झालं, कन्झर्व्हेटिव्ह लोकांनी तो चोरला का? आणि जोडप्रश्न, साम्राज्यवाद हे कन्झर्व्हेटिव्ह लोकांचंच काम होतं ना?

मी हा भाग बरीच वर्षं शिकवतोय आणि हा प्रश्न मला फार आवडतो, कारण सिलॅबसमध्ये राष्ट्रवाद एका चॅप्टरला, एकीकरण दुसऱ्याला आणि साम्राज्यवाद तिसऱ्याला असतो, त्यामुळे मुलांना वाटतं तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्षात माणसं तीच होती, कधीकधी तर अक्षरशः तोच माणूस वीस वर्षांनी परत तेच काम करताना दिसतो, त्याच्याबद्दल पुढे लिहितो. सगळा युरोप एका उत्तरात बसणार नाही म्हणून मी मुख्यतः जर्मनी घेतो, आणि जर्मनीतला पण एक कोपरा शेवटपर्यंत धरून ठेवतो, पोझेन, म्हणजे पोलिश लोकांचं पोझनान.

माझं उत्तर थोडक्यात सांगायचं तर चोरी वगैरे झाली नाही. लिबरल लोकांनी स्वातंत्र्य आणि राष्ट्र यातलं एक निवडायची वेळ आली तेव्हा मोठ्या संख्येने राष्ट्र निवडलं, आणि कन्झर्व्हेटिव्ह लोकांनी राष्ट्र पदरात पाडून घेताना आपली जुनी तत्त्वं बऱ्यापैकी विकली. दोघांनी किंमत मोजली. पुस्तकात पहिली किंमत असते, दुसरी सहसा नसते.

आता सुरुवातीपासून. 1815 चा कन्झर्व्हेटिव्ह माणूस राष्ट्रवादी अजिबात नव्हता हे आधी डोक्यात पक्कं बसवा. ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटरनिख, त्याचं जग म्हणजे राजघराणी, तह आणि वारसाहक्क. ऑस्ट्रियाच्या सम्राटाखाली जर्मन, चेक, हंगेरियन, पोलिश, इटालियन, क्रोएट, सगळे होते आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं, कारण प्रजा ही राजाची असते, भाषा कुठली बोलते हा मुद्दाच नाही. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेत जर्मनीचं जे काही बनवलं ते 39 राज्यांचं एक ढिलं कॉन्फेडरेशन होतं. या व्यवस्थेत ‘जर्मन राष्ट्र’ म्हणणं म्हणजे 39 पैकी बहुतेक राजांना घरी बसवायची भाषा झाली, म्हणून ते राजद्रोहाच्या जवळचं मानलं जायचं.

1817 च्या ऑक्टोबरात विद्यार्थी वार्टबुर्गला जमले, 1819 च्या मार्चमध्ये कार्ल झांड नावाच्या विद्यार्थ्याने मानहाइमला कोट्झेब्यू या नाटककाराचा खून केला कारण तो त्याला रशियाचा हस्तक वाटत होता, आणि मेटरनिखला पाहिजे होती ती संधी मिळाली. कार्ल्सबाडचे हुकूम निघाले. 320 पानांपेक्षा लहान काहीही छापायचं तर आधी सेन्सॉरला दाखवायचं, युनिव्हर्सिट्यांवर सरकारी माणूस बसवला, विद्यार्थी संघटनांवर बंदी. जाड पुस्तकांना सूट कारण जाड पुस्तक रस्त्यावरचा माणूस वाचत नाही, धोका पातळ पत्रकाचा असतो हे मेटरनिखला चांगलं कळत होतं.

आणि त्याच काळात पोझेनचं काय चाललं होतं बघा. 1815 ला हा पोलिश प्रदेश प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याकडे आला तेव्हा प्रशियाच्या राजाने तिथल्या लोकांना जाहीरनामा काढून सांगितलं की तुम्ही माझ्या राज्यात येताय पण तुमचं राष्ट्रीयत्व तुम्हाला सोडावं लागणार नाही, तुमची भाषा राहील. हा राजा काही लोकशाहीवादी नव्हता. पण जुन्या पद्धतीच्या राजाला पोलिश प्रजा चालत होती, कर भरा, सैन्यात या, निष्ठा ठेवा, झालं. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण याच्याकडे परत येणार आहोत.

या काळातल्या राष्ट्रवाद्यांचा एक फार सुंदर समज होता की सगळी राष्ट्रं एकमेकांची मित्र आहेत, शत्रू फक्त राजे आहेत. इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी, त्याचं लिखाण त्याच सुरात आहे, आपल्याकडे तो सावरकरांच्या मराठी भाषांतरामुळे घराघरात पोचला पण त्यात वाचकांना इटली आणि क्रांती जास्त दिसली, त्याचं ‘राष्ट्रांचं कुटुंब’ कमी दिसलं. 1832 ला हामबाखला जर्मन राष्ट्रवाद्यांचा प्रचंड मेळावा झाला तिथे जर्मन तिरंग्याच्या बाजूला पोलिश झेंडा होता. पोलंड मुक्त होईल तेव्हाच जर्मनी मुक्त होईल असं लोक मनापासून म्हणत होते.

मग आलं 1848. फेब्रुवारीत पॅरिस, 13 मार्चला व्हिएन्ना आणि मेटरनिख पळून लंडनला, 18 मार्चला बर्लिनमध्ये बॅरिकेड. दुसऱ्या दिवशी मेलेल्या लोकांचे देह राजवाड्याच्या अंगणात आणले आणि फ्रेडरिक विल्हेल्म चौथ्याला बाहेर येऊन टोपी काढून त्यांच्यासमोर उभं राहावं लागलं. लगेच 20 तारखेला बर्लिनच्या तुरुंगातून पोलिश राजकैदी सोडले, त्यात मिएरोस्लाव्स्की होता, आणि बर्लिनच्या जर्मन लोकांनी त्यांची गाडीतून मिरवणूक काढली. जर्मन लोक पोलिश क्रांतिकारकांचा जयजयकार करतायत, मार्च 1848.

आता कॅलेंडर चार महिने पुढे न्या. फ्रँकफर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये पहिलं जर्मन पार्लमेंट बसलंय, प्रोफेसर, वकील, जज, देशातली सगळ्यात शिकलेली माणसं, आणि जुलैच्या शेवटी चर्चा आहे पोझेनची. तिथे पोलिश बहुसंख्य आहेत पण जर्मन वस्ती पण बरीच आहे, मग हा भाग नव्या जर्मनीत घ्यायचा का पोलिश लोकांना सोडायचा. विल्हेल्म योर्डान नावाचा सभासद उठला, आणि हा उजवा नव्हे, डाव्या बाकावरचा. तो म्हणाला की पोलिश लोकांसाठी रडणं आता पुरे, आता आपल्याला निरोगी राष्ट्रीय स्वार्थ शिकायला पाहिजे, आपला तिथला हक्क हा जिंकण्याचा हक्क आहे, बलवानाचा हक्क आहे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि प्रचंड बहुमताने पोझेनचा मोठा भाग जर्मनीत घ्यायचं ठरवलं. विरोधात बोलणाऱ्यांत रोबर्ट ब्लूम होता, त्याने विचारलं की स्वातंत्र्याचं तत्त्व आपल्याला लागू आणि पोलिश लोकांना नाही हे कसं, पण त्याच्या बाजूने थोडेच होते. त्याच ब्लूमला नोव्हेंबरात व्हिएन्नात गोळ्या घातल्या, पार्लमेंटचा सभासद असून सुद्धा.

मी मुलांना नेहमी सांगतो की पुढे जर्मनी एक करणाऱ्या बिस्मार्कपर्यंत थांबू नका, जे काही तुटलं ते इथे तुटलं. तेव्हा बिस्मार्क एक तेहतीस वर्षांचा जमीनदार होता आणि क्रांतीच्या विरोधात गावातले शेतकरी जमवायच्या गोष्टी करत होता. ‘बलवानाचा हक्क’ हे शब्द पार्लमेंटमध्ये आणणारे लोकशाहीवाले होते. आणि हे फक्त जर्मनीत झालं असं नाही, क्रांतिकारक नेता कोसुथ याच्या हंगेरीने स्वतःसाठी सगळे हक्क मागितले पण आपल्या राज्यातल्या क्रोएट आणि स्लोव्हाक लोकांना वेगळं राष्ट्र मानायला नकार दिला, मग क्रोएट सेनापती येलाचिच सरळ सम्राटाच्या बाजूने हंगेरीवर चालून गेला. चेक लोकांच्या पालात्स्कीने तर फ्रँकफर्टचं आमंत्रणच नाकारलं, मी जर्मन नाही म्हणाला, आणि ऑस्ट्रियाचं साम्राज्य नसतं तर ते निर्माण करावं लागलं असतं असं लिहिलं. राष्ट्रं एकमेकांची मित्र नाहीत हे 1848 च्या उन्हाळ्यात सगळ्यांना एकदम कळलं आणि राजांना पण कळलं. हॅब्सबर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाचं राजघराणं, वाचलं ते बरंचसं याच्यावर.

आता तो माणूस, ज्याच्याबद्दल वर म्हणालो. एडुआर्ड सिम्सन, क्योनिग्सबर्गचा कायद्याचा प्रोफेसर, फ्रँकफर्ट पार्लमेंटचा अध्यक्ष. 3 एप्रिल 1849 ला तो शिष्टमंडळ घेऊन बर्लिनला गेला आणि प्रशियाच्या राजाला म्हणाला की जर्मन लोकांच्या प्रतिनिधींनी तुम्हाला सम्राट निवडलंय, मुकुट घ्या. राजाने गोड शब्दात नाही म्हटलं, बाकीचे राजे संमती देतील तर बघू. खासगी पत्रांत मात्र त्याने या मुकुटाला चिखलमातीचा म्हटलं, क्रांतीची घाण येणारा म्हटलं. त्याचं म्हणणं त्याच्या बाजूने अगदी सुसंगत होतं, मुकुट देव देतो नाहीतर राजे देतात, लोक कोण देणारे. सिम्सन रिकाम्या हाताने परत गेला, पार्लमेंट मोडलं.

इथून बिस्मार्क. 1862 ला तो प्रशियाचा मुख्यमंत्री झाला कशासाठी, तर सैन्याच्या बजेटसाठी. प्रशियाच्या विधानसभेत लिबरल बहुमत होतं, त्यांनी सैन्यवाढीचे पैसे मंजूर केले नाहीत, राजा गादी सोडायच्या गोष्टी करत होता, तेव्हा हा माणूस आला आणि बजेटशिवाय चार वर्षं कर गोळा करून राज्य चालवलं. घटनेत लिहिलेलं नाही की मतभेद झाला तर काय करायचं, मग ती पोकळी राजा भरणार, असा त्याचा युक्तिवाद. त्याच्या ‘लोखंड आणि रक्त’ भाषणाला सगळे लिबरल पेपर तुटून पडले होते.

मग 1864 ला डेन्मार्क, 1866 ला ऑस्ट्रिया, 3 जुलैला सॅडोवाची लढाई, सात आठवड्यांत खेळ खलास. आणि सप्टेंबर 1866 ला बिस्मार्कने विधानसभेत एक बिल आणलं ज्याचा अर्थ असा की मी चार वर्षं घटनाबाह्य खर्च केला, मागच्या तारखेने मंजूर करा. 230 विरुद्ध 75 ने पास झालं. ज्यांनी चार वर्षं त्याला हुकूमशहा म्हटलं त्यांच्यातलेच कितीतरी हात वर करून उभे राहिले, आणि त्यातून पुढे नॅशनल लिबरल पक्ष तयार झाला. एकदम लाचार होते असं मी म्हणणार नाही. त्यांचं गणित असं होतं की आधी एकी होऊ दे, एकदा राष्ट्र झालं की स्वातंत्र्य हळूहळू येईलच, बिस्मार्क काय कायमचा आहे का. तो अजून चोवीस वर्षं राहिला.

पण आता दुसरी बाजू बघा, कन्झर्व्हेटिव्ह लोकांची किंमत, कारण इथेच बहुतेक उत्तरं कमी पडतात. 1866 ला बिस्मार्कने हॅनोवरचं राज्य खालसा केलं, हेसे-कासेल, नासाऊ, आणि फ्रँकफर्ट शहर, हो तेच 1848 च्या पार्लमेंटचं. हॅनोवरचा राजा अंध होता, त्याचं घराणं प्रशियाच्या घराण्यापेक्षा जुनं, गादीवरचा हक्क निर्विवाद. त्याला हाकलला आणि त्याची खासगी संपत्ती सुद्धा जप्त केली. एका ‘देवदत्त’ राजाने दुसऱ्या ‘देवदत्त’ राजाला फक्त ताकदीवर गादीवरून उठवलं. जुना कन्झर्व्हेटिव्ह लुडविग फॉन गेर्लाख, ज्याने बिस्मार्कला राजकारणात बोट धरून आणलं होतं, त्याने उघड विरोध केला आणि मैत्री तुटली. त्याचा मुद्दा एकदम बरोबर होता, की तुम्ही जर वारसाहक्काचं तत्त्वच मोडलं तर तुम्ही आणि क्रांतिकारक यात फरक काय राहिला? आणि वर बिस्मार्कने 1867 ला उत्तर जर्मन राइशटागसाठी, म्हणजे पार्लमेंटसाठी, पंचविशीवरच्या प्रत्येक पुरुषाला मत दिलं. कारण त्याला वाटत होतं की खेड्यातला माणूस राजाला मत देईल आणि शहरातल्या लिबरल लोकांची खोड मोडेल. म्हणजे कन्झर्व्हेटिझम आता देवावर आणि वंशावर उभा राहिला नाही, तो यशावर आणि गर्दीवर उभा राहिला, आणि गर्दी जमवायची तर तिला काहीतरी सांगायला लागतं, ते ‘राष्ट्र’ होतं.

1870 ला फ्रान्सशी युद्ध, 2 सप्टेंबरला सेडानला नेपोलियन तिसरा पकडला. आता साम्राज्य जाहीर करायचं. डिसेंबरात राइशटागचं एक शिष्टमंडळ व्हर्सायला लष्कराच्या मुख्यालयात गेलं, राजा विल्हेल्मला विनंती करायला की सम्राटपद घ्या. शिष्टमंडळाचा प्रमुख कोण? एडुआर्ड सिम्सन. तोच. एकवीस वर्षांनी तोच माणूस तीच विनंती घेऊन आधीच्या राजाच्या भावाकडे. फरक एवढाच की यावेळी राजाने त्यांना थांबवून ठेवलं, आधी सगळ्या राजांच्या संमत्या हातात येऊ देत मग लोकांच्या प्रतिनिधींना भेटतो. बव्हेरियाच्या लुडविगने सम्राटपद घ्या असं जे पत्र लिहिलं त्याचा मसुदा बिस्मार्कने स्वतः करून पाठवला होता, आणि लुडविगला त्याच्या राजवाड्यांच्या कर्जासाठी गुपचूप पैसे दिले गेले, ते आले हॅनोवरच्या जप्त केलेल्या संपत्तीतून. एका राजाचे लुटलेले पैसे देऊन दुसऱ्या राजाकडून तिसऱ्याला सम्राट करून घेतलं.

18 जानेवारी 1871, व्हर्सायचा आरशांचा महाल. मी मुलांना तो प्रसिद्ध पेंटिंगचा फोटो दाखवतो आणि विचारतो यात सिव्हिल ड्रेसमधला माणूस शोधा. सगळे युनिफॉर्म, तलवारी, बूट. लोकांनी निवडून दिलेल्यांना त्या सोहळ्यात काहीच काम नव्हतं. विल्हेल्मला स्वतःला तर हे सगळं नकोच होतं, आदल्या दिवशी तो रडवेला झाला होता की उद्या आपण जुन्या प्रशियाला पुरतोय. ‘जर्मन सम्राट’ म्हणायचं की ‘जर्मनीचा सम्राट’ यावरून बिस्मार्कशी इतकं बिनसलं होतं की बाडेनच्या ग्रँड ड्यूकने घोषणा देताना दोन्ही टाळून ‘सम्राट विल्हेल्म’ एवढंच म्हटलं, आणि मंचावरून उतरताना विल्हेल्म बिस्मार्कला हात न मिळवता पुढे गेला. ज्याला आपण कन्झर्व्हेटिव्ह राष्ट्रवादाचा सगळ्यात मोठा विजय म्हणतो त्या दिवशी सगळ्यात जुन्या वळणाचा कन्झर्व्हेटिव्ह माणूस, म्हणजे स्वतः राजा, नाराज होता.

सगळेच लिबरल आणि लोकशाहीवाले वाहवत गेले असं मात्र लिहू नका, तो अन्याय होईल. क्योनिग्सबर्गचाच डॉक्टर योहान याकोबी, ज्याने 1848 ला राजाला तोंडावर सुनावलं होतं की सत्य ऐकायची इच्छा नसणं हेच राजांचं दुर्दैव आहे, त्याने 1870 ला फ्रान्सचा आल्सेस-लोरेन हा प्रदेश तिथल्या लोकांना न विचारता घेण्याला विरोध केला आणि त्याला किल्ल्यात डांबलं. बेबेल आणि लीबक्नेख्त या सोशालिस्टांनी सुद्धा विरोध केला, त्यांच्यावर पुढे देशद्रोहाचा खटला चालला, दोन वर्षं शिक्षा. मला या तिघांबद्दल फार आदर आहे कारण सगळा देश विजयाच्या धुंदीत असताना ते बोलले.

1871 नंतरचं गणित सोपं होतं. राष्ट्र झालं, आता राष्ट्राचे शत्रू शोधा. आधी कॅथलिक, कारण त्यांची निष्ठा म्हणे रोमला. ते जमलं नाही, कॅथलिक पक्ष उलट वाढला. मग 1878 ला सम्राटावर तीन आठवड्यांत दोन हल्ले झाले, त्याचं निमित्त करून सोशालिस्टांवर कायदा. 1879 ला आयात टॅरिफ, त्यात ऱ्हाइनकडचे लोखंडवाले कारखानदार आणि पूर्वेकडचे राय पिकवणारे जमीनदार एकत्र आले, आणि नॅशनल लिबरल पक्ष यावरूनच फुटला. जोडीला 1883 ला आजारपणाचा विमा, 1884 ला अपघाताचा, 1889 ला म्हातारपणाचा. ही योजना खरंच चांगली होती, तिचं श्रेय दिलंच पाहिजे, पण हेतू कामगाराला सोशालिस्टांकडून काढून राज्याला बांधायचा होता आणि ते बिस्मार्कने लपवलं नाही.

इंग्लंडमध्ये हेच काम कन्झर्व्हेटिव्ह नेता डिझरायलीने शांतपणे केलं. 1852 ला वसाहती म्हणजे आपल्या गळ्यातली धोंड म्हणणारा हा माणूस, 1867 ला शहरी कामगाराला मत देऊन मतदार साधारण दुप्पट करतो, आणि मग या नव्या मतदाराला कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने द्यायचं काय, तर 1872 च्या क्रिस्टल पॅलेसच्या भाषणात उत्तर, देशाच्या जुन्या संस्था टिकवा, साम्राज्य सांभाळा, लोकांची परिस्थिती सुधारा. तिन्ही एका दमात. 1875 ला सुएझचे शेअर, 1876 ला राणीला सम्राज्ञीचा किताब, 1 जानेवारी 1877 ला दिल्ली दरबार. 1883 मध्ये त्याच्या नावाने प्रिमरोझ लीग निघाली, मेळावे, चहा, बिल्ले, बायकांना पण प्रवेश, आणि काही वर्षांत दहा लाखांवर सभासद. कन्झर्व्हेटिव्ह पक्ष इतका लोकांमध्ये गेला तो साम्राज्याचं बोट धरून.

इथे आपला थेट संबंध येतो म्हणून थांबतो. दिल्लीत व्हाइसरॉय लिटन तो दरबार भरवत होता तेव्हा दख्खनमध्ये 1876 चा दुष्काळ पेटलेला होता, सोलापूर, नगर, पुणे जिल्हे त्यात होरपळत होते आणि पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पाठवत होती. सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, स्वतः कातलेल्या सुताची खादी घालून त्या दरबाराला गेले आणि हिंदी लोकांना ब्रिटिश प्रजेइतकाच राजकीय आणि सामाजिक दर्जा द्या अशी मागणी केली. डिझरायलीला तो किताब इंग्लंडमधल्या मतदाराला आणि राणीला खूश करायला पाहिजे होता, पण सम्राज्ञी म्हटलं की प्रजा पण आली आणि प्रजा म्हटलं की हक्क आले, हे काकांनी बरोबर पकडलं. लंडनच्या राजकारणाचा हा परिणाम युरोपच्या पुस्तकांत सहसा नसतो.

आता वसाहतींचा तुमचा जोडप्रश्न. बिस्मार्कला स्वतःला आफ्रिकेत रस नव्हता. 1888 ला एका आफ्रिका-प्रवाशाने त्याला नकाशा दाखवला तेव्हा तो म्हणाला माझा आफ्रिकेचा नकाशा युरोपात आहे, इकडे रशिया, इकडे फ्रान्स, मधे आपण. तरी 1884-85 मध्ये त्याने नैऋत्य आफ्रिका, टोगो, कॅमेरून, पूर्व आफ्रिका घेतलं. का? 1884 च्या शरदात निवडणुका होत्या, वसाहतींची हवा मध्यमवर्गात जोरात होती, आणि युवराज फ्रेडरिक हा इंग्लंडचा जावई, लिबरल वळणाचा, तो गादीवर येणार तर आधीच इंग्लंडशी भांडण काढून ठेवावं असाही हिशोब होता. आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवणाऱ्या बर्लिन कॉन्फरन्सला 14 देश बसले, आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नाही.

पण म्हणून साम्राज्यवाद म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह, असं समीकरण मांडाल तर फसाल. 1882 ला अलेक्झांड्रियावर तोफा डागून इजिप्त घेणारं सरकार ग्लॅडस्टनचं, लिबरल, आणि त्याचाच मंत्री जॉन ब्राइट त्याविरुद्ध राजीनामा देऊन बाहेर पडला. फ्रान्समध्ये तर चित्र उलटंच. तिथे वसाहतवाला ज्यूल फेरी, पक्का रिपब्लिकन, मोफत सक्तीचं शिक्षण आणणारा, आणि तोच 1885 ला संसदेत सांगतो की श्रेष्ठ वंशांना कनिष्ठ वंशांवर हक्क आहे कारण त्यांना सुधारायचं कर्तव्य आहे. त्याच्या विरोधात उजवे राष्ट्रवादी होते, आधी आल्सेस-लोरेन परत आणा, टोंकिनच्या, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या, जंगलात सैन्य कसलं घालवता, म्हणून. म्हणजे साम्राज्यवाद दोन्ही बाजूंना उपलब्ध होता. जिथे सगळ्यांना मत मिळालं होतं आणि वर्गावर्गात तेढ होती, तिथे सत्तेत जो असेल त्याला तो उपयोगी पडत होता.

आणि साम्राज्यवाद शोधायला आफ्रिकेतच जायला पाहिजे असं नाही, पोझेनला परत चला. 1871 ला नव्या राइशटागमध्ये पोलिश सभासदांनी हरकत घेतली की आम्ही प्रशियाच्या राजाची प्रजा होतो, ते मान्य, पण जर्मन राष्ट्रात आम्हाला का ओढता. हा मुद्दा फार खोल आहे. राजाची प्रजा कुठल्याही भाषेची असू शकते पण राष्ट्र-राज्यात तुम्ही एकतर जर्मन असता नाहीतर अडचण असता. 1876 ला सरकारी कारभारात फक्त जर्मन, मग शाळेतून पोलिश काढली, 1885 ला नागरिकत्व नसलेले हजारो पोलिश आणि ज्यू लोक सीमेपलीकडे हाकलले, आणि 1886 ला 10 कोटी मार्क देऊन एक कमिशन बसवलं ज्याचं काम पोलिश जमीनदारांच्या जमिनी विकत घेऊन तिथे जर्मन शेतकरी वसवणं. 1901 ला व्जेश्न्याच्या शाळेत धर्माचा तास जर्मनमध्ये नको म्हणणाऱ्या मुलांना मास्तरांनी मारलं. 1904 ला जर्मन नसलेल्यांना नवीन घर बांधायची परवानगी नाकारता येईल असा कायदा झाला, तेव्हा द्झिमाला नावाच्या शेतकऱ्याने आपल्याच शेतात चाकावरची गाडी आणली आणि ती रोज थोडी सरकवत त्यात राहू लागला, कारण हलणारी गाडी म्हणजे घर नाही. 1815 चा तो जाहीरनामा आठवा आणि आता हे बघा. पोलिश लोक पण गप्प बसले नाहीत, स्वतःच्या बँका आणि सहकारी संस्था काढून जमिनी परत घ्यायला लागले, आणि जो शेतकरी आधी फक्त राजाची प्रजा होता तो या सगळ्यातून पक्का पोलिश झाला.

राहिला शेवटचा तुकडा, कन्झर्व्हेटिव्ह लोकांना हे पचलं का. 1890 च्या मार्चमध्ये बिस्मार्क गेला, आणि जुलैमध्ये नव्या सरकारने इंग्लंडशी करार करून झांझिबारकडचे दावे सोडले, बदल्यात हेलिगोलँड बेट घेतलं. व्यवहार म्हणून ठीक होता. पण मास्तर, वकील, कारखानदार अशा लोकांनी गदारोळ केला की सरकारने राष्ट्राची मान खाली घातली, आणि त्यातून 1891 ला पॅन-जर्मन लीगचा पाया पडला. 1898 ला आरमाराचा कायदा आणि नेव्ही लीग. या संघटना जमीनदारांच्या नव्हत्या, त्या शिकलेल्या मध्यमवर्गाच्या होत्या, ज्यांचे आजोबा हामबाखला पोलिश झेंड्याशेजारी उभे असतील, आणि त्या आता सम्राटाच्या सरकारला पुरेसं राष्ट्रवादी नाही म्हणून उजवीकडून झोडपत होत्या. मेटरनिखच्या काळात सरकार राष्ट्रवाद्यांवर पाळत ठेवायचं, आता राष्ट्रवादी सरकारवर पाळत ठेवायला लागले. बिस्मार्क 1871 नंतर म्हणत राहिला की जर्मनीचं पोट भरलंय, आता काही नको, पण ज्या लोकांना त्याने तीन युद्धं जिंकून दाखवली त्यांना तसं वाटत नव्हतं, आणि त्याच्यानंतर आलेल्या एकाही चान्सलरला त्यांना तसं सांगून गप्प बसवता आलं नाही.